गुळाची पट्टी आणि खिडक्यांची पुस्तकं : प्रकल्प नोंदी

१५ जून २०२५, रविवार

कोल्हापुरात मामांच्या अडत दुकानातला कॉम्प्युटर अखेर गेला. गुळाच्या चिकट हवेत इतकी वर्षं तग धरली हेच खूप. मामांनी दुसऱ्याच दिवशी विंडोज ११ चा नवा आणला. त्यांचा हिशोब टीव्हीचा होता: जुना काढायचा, नवा लावायचा, चॅनेल तेच.

चॅनेल लागलं नाही. शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या गुळाच्या हिशोबाचा कागद) करायचा प्रोग्रॅम फॉक्सप्रोतला, विंडोजच्या आधीच्या डॉसच्या जमान्यातला. ६४-बिट विंडोजवर डॉसचे प्रोग्रॅम चालतच नाहीत. ते चालवणारा भाग ३२-बिटच्या विंडोजपर्यंतच होता. डॉसची नक्कल करणारं डॉसबॉक्स घालून स्क्रीन तेवढी उघडून दाखवली. दिवाणजींचा चेहरा उजळला, पण प्रिंट काढताना पुन्हा पडला. प्रिंटर जुन्या रुंद खोबणीचा, नव्या मशीनला ती खोबणच नाही.

मामा म्हणाले, "तू कंपनीत मशीनवर प्रोग्रॅमच करतोस न्हवं? मग ह्यो एक कर की."

मी शिरोलीत सीएनसी मशीनवर जी-कोड लिहितो. ‘जी झिरो वन, एवढं सरक, एवढं काप’ हा माझा प्रोग्रॅम. पण मामांना नाही म्हणायची आपल्या घरात पद्धत नाही. मुदत ठरली ती पाडव्याची, २२ ऑक्टोबर. त्या दिवशी मार्केट यार्डात गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात, आणि तेव्हा पट्टी हातानं लिहायची वेळ येऊ नये.

आधी पुस्तकं शोधायची, मग कोड. व्हिडिओ बघून शिकायला मला जमत नाही. बघताना सगळं कळतं आणि बंद केल्यावर काहीच उरत नाही.

१८ जून

घरात काय आहे ते बघितलं. माळ्यावर डिप्लोमाचं ‘लेट अस सी’ निघालं, नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं. आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांनी सी भाषा ह्याच पुस्तकावर काढली. पॉइंटरच्या प्रकरणाला तेलाचे डाग, कडेला पेन्सिलीच्या खुणा. शेवटाकडे गेलो तर पानं कोरी करकरीत. तिथं चक्क विंडोजमधल्या प्रोग्रॅमिंगवर आणि लिनक्सवर प्रकरणं आहेत! इतकी वर्षं पुस्तक घरात होतं आणि ही पानं मी उलटलीच नव्हती, कारण ती परीक्षेला नव्हती. लॅबमध्येही टर्बो सी-ची निळी स्क्रीन होती, खिडकीचा प्रश्नच नव्हता.

रात्री ती प्रकरणं वाचली. मुंडी हलवण्याइतपत कळलं. विंडोजचा प्रोग्रॅम वरून खाली चालत नाही, एवढं ध्यानात राहिलं. मग कसा चालतो?

२२ जून, रविवार

महाद्वार रोडला पुस्तकांच्या दुकानांत दोन तास. "विंडोजचं प्रोग्रॅमिंग" म्हटल्यावर एकानं विंडोज कसं वापरायचं त्याचं पुस्तक काढून दिलं, दुसऱ्यानं विद्यापीठाच्या पेपरांची गाईडं. तिसऱ्याकडं तीन जाडजूड पुस्तकं मिळाली. उभ्याउभ्याच चाळली.

तिन्ही एकाच घाटाची. डावीकडच्या पेटीतून बटण ओढा, खिडकीवर सोडा, दोनदा क्लिक करा, आता इथं ही ओळ लिहा, चालवा. दर पानावर स्क्रीनचा फोटो. ओढाओढी झाल्यावर बटण दाबलं की ती ओळ का चालते, कोण चालवतं, हे कुठंच नाही. शिवाय फोटोतलं सॉफ्टवेअर दोन आवृत्त्या मागचं, म्हणजे पुस्तकातलं बटण आता पडद्यावर त्या जागी असणारच नाही. स्क्रीनच्या फोटोंवर उभं असलेलं पुस्तक दुधासारखं नासतं. पैसे खिशातच ठेवले आणि येताना मिसळ खाल्ली, तेवढी सुट्टी सार्थकी लागली.

२९ जून, रविवार

मामेबहीण बीसीएला आहे. ती म्हणाली, "दादा, आमच्या क्लासचे सर आहेत, निवृत्त झालेत, त्यांच्याकडं जुनी पुस्तकं ढिगानं आहेत." सर शाहूपुरीत राहतात. गेलो.

सरांनी चहा व्हायच्या आधीच खालच्या फळीवरून एक वीट काढून टेबलावर ठेवली. चार्ल्स पेट्झोल्ड, ‘प्रोग्रामिंग विंडोज’, पाचवी आवृत्ती, १९९८. हजारावर पानं. खालचा चार बोटं भाग पापडासारखा वाळून लहरी झालेला. २०१९ च्या पुरात खालची फळी पाण्यात होती. मागच्या पाकिटातली सीडी कागदाला अशी चिकटलेली की पाकीट फाटेल पण सीडी निघणार नाही.

मी म्हटलं, "सर, सत्तावीस वर्षांपूर्वीचं पुस्तक?"

"घरी ने. त्यातला पहिला खिडकीचा प्रोग्रॅम टाईप कर. चालला नाही तर परत आणून दे," सर म्हणाले. ह्या पुस्तकाची पहिली आवृत्ती १९८८ सालची. विंडोज स्वतः १९८५ च्या नोव्हेंबरात बाजारात आलं, म्हणजे पुस्तक जवळजवळ त्याच्याबरोबरच वाढलं. पुढं ह्याच नावाची सहावी आवृत्ती निघाली ती विंडोज ८ साठी, आणि त्यात सगळा मांडवच वेगळा. मला हवी ती पाचवीच, असं सरांनी दोनदा बजावलं. नाव तेच, पुस्तक दुसरं. ऑनलाइन मागवलं असतं तर मी नक्की नवी म्हणून सहावी घेतली असती.

२ जुलै

टाईप केला. सत्तर-ऐंशी ओळी, एक रिकामी खिडकी आणि मधोमध एक वाक्य. आजच्या फुकट कंपायलरनं एकच तक्रार केली, आवाजाची लायब्ररी जोडली नाही म्हणून. ती जोडली. खिडकी आली. प्रोग्रॅम सुरू होताना एक आवाजाची फाइल वाजवायची असते, ती सीडीवर, आणि सीडी पुरानं नेलेली. म्हणून विंडोजनं स्वतःची नेहमीची टिंग वाजवली.

१९९८ चा कोड २०२५ च्या मशीनवर एका दुरुस्तीत चालला. महाद्वार रोडवरच्या त्या तीन पुस्तकांचं असं होईल का? पुस्तकावरची तारीख बघायची नाही, ते कशाविषयी आहे ते बघायचं. खोदकाम जिथं पायापर्यंत गेलंय ते टिकतं.

६ जुलै, आषाढी एकादशी

उपास, पाऊस, दिवसभर वाचन.

आता लिहितो ते माझ्यासाठी, पुढं विसरू नये म्हणून.

फॉक्सप्रोच्या प्रोग्रॅममध्ये प्रोग्रॅम पुढं आणि माणूस मागं. प्रोग्रॅम विचारतो: नाव? दिवाणजी नाव टाकतात. रवे (गुळाच्या ढेपा) किती? वजन? भाव? जी-कोडही तसाच, ओळीमागून ओळ. विंडोजमध्ये हे उलटं. प्रोग्रॅम स्वतः काही विचारत नाही, तो बसून असतो.

मामा गादीवर बसतात तसा. सकाळी गादीवर बसल्यावर आज काय क्रमानं घडणार ते मामांना ठाऊक नसतं. शेतकरी येतो, हमाल येतो, व्यापाऱ्याचा फोन येतो, चहावाला येतो. मामा बघतात कोण आलंय आणि त्याप्रमाणं करतात. पेट्झोल्डच्या प्रोग्रॅमच्या पोटात तीन ओळींचा एक फेरा आहे: निरोप घे, जरा सोपा कर, ज्याचा त्याला पोचव. प्रोग्रॅम संपेपर्यंत हाच फेरा. बटण दाबलं हा निरोप, उंदीर हलला हा निरोप, खिडकी मोठी केली हाही निरोप. आणि विंडोजकडून येणारे असे कितीतरी निरोप असतात ज्यांत आपल्याला रस नसतो; ते सगळे शेवटी एका फंक्शनकडे ढकलायचे, नाव ‘डेफ-विंडो-प्रॉक’. ते त्या निरोपांचं जे नेहमीचं असेल ते करून टाकतं. म्हणजे आमचे दिवाणजीच. मामांनी हात लावला नाही ते सगळं काम दिवाणजींकडे जातं आणि दुकान चालू राहतं.

ही गोष्ट एकदा डोक्यात बसली आणि कानेटकरांची ती कोरी प्रकरणंही परत वाचून लख्ख कळली.

९ जुलै

मुद्दाम मोडतोड केली. काढून बघितल्याशिवाय कशासाठी आहे ते कळत नाही, मशीनचंही तसंच.

खिडकी बंद होताना "आता फेरा थांबव" सांगणारी ओळ काढली. खिडकी गेली, पण टास्क मॅनेजरमध्ये प्रोग्रॅम जिवंत. दुकानाचं शटर पडलंय आणि आत मामा गादीवर बसूनच आहेत.

मग रंगवायच्या निरोपातून ‘बिगिन-पेंट’ काढलं. लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागला. कारण साधं आहे: खिडकीचा अमुक भाग परत रंगवायचा आहे अशी नोंद विंडोज ठेवतं, आणि ‘बिगिन-पेंट’ ती नोंद खोडतं. खोडलीच नाही तर विंडोज परत तोच निरोप देतं, परत, परत, थांबतच नाही.

ह्यावरून पुस्तक पारखायची एक खूण ठरवली. दुकानात उभं राहून पहिलं पान वाचायचं नाही. सरळ रंगवायचं प्रकरण काढायचं. तिथं जर लिहिलं असेल की एकदा काढलेलं चित्र खिडकीत राहत नाही, कधीही परत काढायची पाळी येते आणि ती पाळी प्रोग्रॅम नाही तर सिस्टीम ठरवते, तर पुस्तक घ्यायच्या लायकीचं. नसेल तर ठेवून द्यायचं. महाद्वार रोडची तिन्ही ह्या खुणेवर नापास.

२० जुलै, रविवार

मराठीची पाळी. शेतकऱ्यांची नावं जुन्या प्रोग्रॅममध्ये इंग्रजी अक्षरांत होती, आणि गेली कित्येक वर्षं ‘शिंदे’ आणि ‘शेंडे’ ह्यांच्या पट्ट्यांची अदलाबदल हा दुकानातला वार्षिक कार्यक्रम आहे. ह्या वेळी देवनागरीच हवी.

खिडकीत अक्षरं टाईप करायचा छोटा प्रोग्रॅम केला. इनस्क्रिप्ट (देवनागरीचा कळपाट) लावून ‘शिरोली’ टाईप केलं तर दिसलं: ??????. सहा अक्षरचिन्हं, सहा प्रश्नचिन्हं. मोजणी तरी बरोबर होती.

उत्तर पेट्झोल्डच्या दुसऱ्याच प्रकरणात. प्रकरण युनिकोडवर, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं एकाच यादीत, आणि तेही खिडकी यायच्याही आधी. विंडोजमधल्या बऱ्याच फंक्शनांची जोडी असते, एक जुन्या कोडपेजची (मोजक्या अक्षरांच्या तक्त्याची) आणि एक युनिकोडची. माझी खिडकी जुन्या जोडीनं नोंदली गेली होती, आणि विंडोजमध्ये देवनागरीला जुनं कोडपेज मुळातच नाही. युनिकोडवाली घेतल्यावर अक्षरं आली.

पण कशी आली! ‘श’ आला, मग वेलांटी टाकली तर ती ‘श’ला चिकटेना, शेजारी ठिपक्यांचं एक गोल वर्तुळ आणि त्यावर वेलांटी. निराधार. आता गंमत: खिडकी खाली मिनिमाइझ केली, परत वर आणली, आणि ‘शिरोली’ एकदम शुद्ध!

अर्धा तास विचार केला तेव्हा पेटलं. दाबलेलं प्रत्येक अक्षर मी सुटं सुटं काढत होतो, आणि रंगवायचा निरोप आला की पूर्ण ओळ एकदम. सुट्या वेलांटीला बसायला अक्षरच मिळत नाही. ओळ एकत्र दिली की विंडोज मात्रा, जोडाक्षरं सगळं जुळवून घेतं. इंग्रजीत हा घोटाळा दिसलाच नसता, म्हणून तो पुस्तकातही नाही. एक अक्षर म्हणजे एक खोकं हे त्यातल्या टायपिंगच्या उदाहरणाचं गृहीतक, आणि आपला ‘क्ष’ तर तीन चिन्हांचा: क, हलन्त, ष.

ह्या बाबतीत एकही पुस्तक कामाला आलं नाही. पण चूक कुठं शोधायची ते पुस्तकानंच शिकवलं होतं: कोण काढतंय, आणि कधी.

३ ऑगस्ट, रविवार

सराव म्हणून दुकानासाठी भावाची पाटी केली. जुना मॉनिटर भिंतीला, त्यावर आजचे भाव आणि कोपऱ्यात घड्याळ. मामा खूश. येणारा प्रत्येक जण "मॉल केलाय की!" म्हणून जातो.

५ ऑगस्ट

मामांचा फोन. "भाच्या, तुझी पाटी बिघडली बघ. अक्षरं जाडजूड झाली, घड्याळ विचित्र दिसालंय." बंद करून चालू करा म्हटलं. बरी झाली.

७ ऑगस्ट

परत तेच. आणि परत जेवायच्या वेळेच्या आसपास. दुकान नऊला उघडतं, पाटी पावणेबाराच्या सुमाराला बिघडते. रोज. वीज? ऊन? मामांना भुताटकीची शंका.

संध्याकाळी सरांना फोन. सरांनी एकच विचारलं, "फॉन्ट कुठं बनवतोस?"

रंगवायच्या निरोपात. घड्याळ दर सेकंदाला रंगतं, दर सेकंदाला मी एक फॉन्ट बनवतो, आणि मोडत नाही. विंडोजमध्ये एका प्रोग्रॅमला अशा चित्रकामाच्या वस्तू साधारण १०,००० पर्यंतच ठेवता येतात. दहा हजार सेकंद म्हणजे दोन तास सेहेचाळीस मिनिटं. नऊला चालू केली तर पावणेबारा. इतकं चोख उत्तर आयुष्यात कधी आलं नव्हतं. मी कागदावर भागाकार केला आणि एकटाच हसलो. टास्क मॅनेजरमध्ये ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’ नावाचा एक रकाना दाखवता येतो, तो लावला. आकडा सेकंदाला एकनं वर. रिक्षाचा मीटर.

फॉन्ट सुरुवातीला एकदाच केला. मीटर थांबला. पेट्झोल्डनं जे बनवाल ते मोडा असं बजावून ठेवलंय. मी वाचलंही होतं, खाली रेघही मारली होती.

१० ऑगस्ट, रविवार

पट्टीचा पूर्ण प्रोग्रॅम सी-मध्ये लिहायचा तर पाडवा पुढच्या वर्षीचा धरावा लागेल. चौकटी, यादी, छपाई, हे सगळं हातानं! मामेबहीण पहिल्यापासून म्हणते, "दादा, पायथन घे." आता ऐकायची वेळ झाली.

पायथनबरोबर खिडक्या काढायचं टीके-इंटर फुकट येतं. एकतर सोपं, आणि मूळचं टीके जॉन औस्टरहौट ह्यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला केलेलं, म्हणजे मुरलेलं. तिच्या लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्स) आहे. तिथं गावाच्या रकान्यात प्रयाग चिखली टाकलं, तर ‘चिखली’चं झालं ‘चखिली’. वेलांटी एक घर पुढं! तिला हसू आवरेना. माझ्या विंडोजवर तोच प्रोग्रॅम शुद्ध दिसतो. विंडोजवर अक्षरं जुळवायचं काम सिस्टीम करते. लिनक्सवरचं हे टीके चिन्हं आली त्या क्रमानं नुसती मांडतं, आणि वेलांटी क्रमानं नंतर येत असली तरी दिसायची आधी असते. दुकानात विंडोजच आहे, चाललं असतं. पण उद्या मशीन बदललं तर? एकदा पोळलोय.

१७ ऑगस्ट, रविवार

कंपनीच्या कामानं पुण्याला. दुपार मोकळी मिळाली, अप्पा बळवंत चौकात गेलो. जुन्या पुस्तकांच्या ढिगात खालून तिसरं: मार्क समरफील्ड, ‘रॅपिड जीयूआय प्रोग्रामिंग विथ पायथन अँड क्यूटी’, २००७. क्यूटी हेही टीकेसारखं खिडक्या काढायचं साधन. उभ्याउभ्याच माझी खूण लावली: रंगवायचं प्रकरण काढलं. तिथं आहे, स्वतःच्या हातानं खिडकीचा भाग रंगवणं, ते कोण बोलावतं, आपण थेट का बोलवायचं नाही आणि "परत रंगव" अशी नुसती विनंती का करायची. पास. घासाघीस न करता घेतलं, दुकानदारालाच चुकल्यासारखं झालं असेल.

एसटीत वाचत आलो. खिडकीच्या पहिल्या प्रकरणात तीनच उदाहरणं: पंचवीस ओळींत गजर, तीस ओळींत गणित सोडवणारी चौकट, सत्तर ओळींत चलन बदलणारा प्रोग्रॅम. गाडी कऱ्हाडला पोचेपर्यंत मला पट्टी दिसायला लागली होती. चलन बदलणं म्हणजे आकडा गुणिले दर. पट्टी म्हणजे वजन गुणिले भाव, वजा हमाली, तोलाई वगैरे.

२४ ऑगस्ट

जुनं पुस्तक नव्या मशीनवर. ह्या वेळी पेट्झोल्डसारखं एका दुरुस्तीत भागलं नाही. पुस्तक पायथन २ च्या काळातलं आणि क्यूटी ४ वर. मी घेतलं पायथन ३ आणि क्यूटी ६, पायसाइड ह्या जोडणीतून. सगळ्यात मोठा फरक संकेत जोडण्याचा. बटण दाबल्यावर अमुक कर, हे पुस्तकात नावं अवतरणात घालून जोडलेलं आहे. ती पद्धत आता मागं पडलीय. आताची सुटसुटीत: बटणाच्या ‘क्लिक्ड’ला थेट फंक्शन जोडायचं. शिवाय काही वस्तू दुसऱ्या पेटीत हलवल्यात, म्हणून पहिल्या चार ओळींतच तक्रार येते.

तिघांनी मिळून (मी, बहीण, आणि फोनवर सर) पहिली सहा उदाहरणं नव्यात आणली. खरं सांगायचं तर शिकलो ते ह्या दुरुस्तीतच. जसंच्या तसं चालणारं उदाहरण बघून मी पुढच्या पानावर जातो. न चालणारं मला थांबवतं. मात्र अगदी नवख्यानं असं पुस्तक घेऊ नये. मला आधी पेट्झोल्ड मिळाला होता म्हणून तक्रारीची भाषा कळत होती. बहिणीच्या वर्गातल्या एका मुलानं हेच मागितलं, त्याला नाही म्हटलं. त्याला ताज्या आवृत्तीचं काहीही द्यावं, मग भले ते थोडं उथळ असो.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. काम बंद.

१४ सप्टेंबर, रविवार

विसर्जनानंतर परत सुरुवात. जुन्या फायलींतून शेतकऱ्यांची खाती आणायचं बटण केलं. मामांना दाखवायला नेलं. मामांनी दाबलं, काहीच झालं नाही. परत दाबलं. परत. खिडकी पांढुरकी पडली, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’. मग सगळं एकदम जागं झालं आणि यादीत प्रत्येक शेतकरी तीनदा.

मामा म्हणाले, "लई माणसं वाढली की आपली!"

चूक कळायला वेळ लागला नाही, कारण ६ जुलैची नोंद. गादीवर बसलेला माणूस उठून गोदामात रवे मोजायला गेला. तोवर गादीवर कोणी नाही. येणारे रांगेत उभे. पाच सेकंद प्रोग्रॅमनं निरोप घेतलेच नाहीत की विंडोज तो मेला असं समजून खिडकी पांढरी करतं. आणि रांगेतल्या दोन क्लिका कुठं जात नाहीत, मोजणी संपल्यावर त्या हजर. आता बटण दाबलं की ते लगेच मालवतं आणि मोजणी मागच्या दारानं, वेगळ्या धाग्यावर होते.

२८ सप्टेंबर, रविवार

दिवाणजींची पहिली बैठक. पंधरा मिनिटांत उठले.

"भाचेबुवा, हे चालायचं न्हाई. एंटर मारला की पुढं जात न्हाई."

खिडकीच्या जगात पुढच्या चौकटीत जायला टॅब. सगळी पुस्तकं तेच गृहीत धरतात, कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. पण दिवाणजींचा उजवा हात आकड्यांच्या कळपाटावर असतो. रवे, एंटर, वजन, एंटर, भाव, एंटर. डाव्या हातात तोलाईची चिठ्ठी. टॅब आहे डाव्या टोकाला. टॅब दाबायचा म्हणजे चिठ्ठी खाली ठेवायची, नजर खाली, मग परत चिठ्ठी शोधायची. दिवसाला शेकडो वेळा. त्यांची तक्रार सोळा आणे खरी.

घरी येऊन एंटरला पुढं सरकवलं. लॅपटॉपवर दहा वेळा तपासलं. झकास.

२९ सप्टेंबर

दुकानात चालेना! माझा एंटर चालतो, दिवाणजींचा नाही.

लॅपटॉपला आकड्यांचा कळपाट नाही, तिथं मी मोठा एंटर दाबत होतो. क्यूटीत ह्या दोन वेगवेगळ्या कळा आहेत: अक्षरांकडची ‘रिटर्न’ आणि आकड्यांकडची ‘एंटर’. मी फक्त पहिलीच पकडली होती. कच्च्या विंडोजमध्ये दोन्हींना एकच क्रमांक, त्यामुळं पेट्झोल्ड वाचून मला दोनचा संशयही आला नव्हता. खरंतर चौकटीला ‘रिटर्न दाबला’ असा तयार संकेत आहे आणि तो दोन्ही कळांना येतो. मी उगाच हातानं कळ पकडायला गेलो. दिवाणजींनी शेजारी उभं राहून दुरुस्ती बघितली, आणि मग खुर्ची माझ्याकडून काढून घेतली.

५ ऑक्टोबर, रविवार

नावं देवनागरीत आणायचं काम दिवाणजींनी दसऱ्याच्या सुट्टीत स्वतः अंगावर घेतलं. शिंदे आणि शेंडे वेगळे झाले. एका खात्यावर बारा वर्षं चुकीचा बापाचा उल्लेख निघाला, तोही सुधारला.

छपाई जमली. अर्ध्या पानाची पट्टी, वर दुकानाचं नाव, खाली रक्कम अक्षरी. अक्षरी रक्कम मराठीत काढायला पुस्तक लागलं नाही. पण एक ते शंभर सगळी नावं लिहूनच द्यावी लागली. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ला नियम लावायला गेलो होतो, बहिणीनं वेळीच थांबवलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

सरांकडे पुस्तक परत द्यायला गेलो. सर म्हणाले, "ठेव. फक्त खालच्या फळीवर नको."

मग बोलता बोलता त्यांनी लिनक्स काढलं आणि तिथं खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडोवरचा तसाच रिकाम्या खिडकीचा प्रोग्रॅम लिहून दाखवला. एक्स ११ हे १९८७ चं, एमआयटीतलं, विंडोजशी काही नातं नाही. पण आत तोच फेरा: पुढचा निरोप घे, बघ काय आहे. रंगवायच्या निरोपाचं नाव तिथं ‘एक्स्पोझ’. मी विचारायच्या आधीच सर म्हणाले, "हो, तुझी खूण इथंही चालते."

२२ ऑक्टोबर, पाडवा

सौदे झाले. गर्दी, हार, पेढे. दुकानात आल्यावर मामांनी कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं, पाटीच्या मॉनिटरलाही. दिवाणजींनी पहिली पट्टी केली. नाव, एंटर, रवे, एंटर, वजन, एंटर, भाव, एंटर. नजर पूर्ण वेळ चिठ्ठीवर, पडद्याकडं एकदाच, शेवटी. कागद बाहेर आला, शेतकऱ्यानं रक्कम बोट लावून वाचली, घडी घालून टोपीत ठेवली.

मी टाळीच्या अपेक्षेनं उभा होतो.

"आधीच्यात एफ-टू दाबलं की मागची पट्टी यायची," दिवाणजी म्हणाले. "ह्यात न्हाई ती."

लिहून घेतलं. एफ-टू. मागची पट्टी.